खंडव्याची बदली

१ जून, रविवार
मधुराचा पुण्याहून फोन. बाबा, त्याच काउंटरवरून रिटायर होणार का, म्हणाली. लेक हसत म्हणाली, पण लागलं. आजवर प्रमोशन नाकारलं, कारण प्रमोशन म्हणजे उज्जैन सोडणं. आता नाही. यंदा ऑफिसरची परीक्षा द्यायची आणि बँक पाठवेल तिथे जायचं.
तिने पाठवलेला व्हिडिओ पाहिला. कम्फर्ट झोनमध्ये माणूस कुजतो, असं त्यात एक मुलगा सांगतो. त्याला या वयात कुजण्याचा काय अनुभव? पण मुद्दा बरोबर आहे.
उद्यापासून गार पाण्याने आंघोळ. नाश्त्याचे पोहे-जलेबी बंद. इंग्रजी पेपर चालू.

३ जून
शिंका. परीक्षेच्या वर्षी आजारपण परवडणार नाही, गीझर लावला. जलेबी मात्र बंद. पोहे एकदम सोडले तर शरीराला धक्का बसेल. इंग्रजी पेपर आला. घडी छान असते.

१० जून
फॉर्म भरला. म्हणजे शेजारच्या काउंटरच्या विक्रांतने स्वतःचा भरताना माझाही भरून टाकला. अंकल, आप भी, असं त्याने जरा मोठ्यानेच विचारलं. सगळ्या ब्रँचने मान वळवली. सही करून दमलो.
घरी विजयाला कम्फर्ट झोन समजावला. लग्न झाल्यापासून एकाच शाळेत गणित शिकवते आहे, तिला कोणीतरी सांगायला हवंच होतं. पोळ्या लाटता लाटता ऐकत होती. अहो, म्हणजे तुम्ही खरंच उज्जैन सोडणार, म्हणाली. मी म्हटलं, खरंच. जेवताना पुन्हा तेच विचारलं. बदल तिला लवकर पचत नाही.

२२ जून, रविवार
लेखी परीक्षा. विजया रोज सकाळी शाळेत जायच्या आधी माझ्याकडून प्रश्नोत्तरं करून घ्यायची. तिची सगळी पाठ झाली. माझीही बरीच झाली.

६ जुलै
पास. विजयाने मावाबाटी आणली, मधुराला फोन लावला, बोलता बोलता डोळे पुसले. इतकं करण्यासारखं काय होतं कळेना. इंटरव्ह्यू भोपाळला, २१ तारखेला.

१५ जुलै
आरशासमोर इंग्रजी. पहिलं वाक्य उत्तम जमतं. दुसऱ्या वाक्याआधी चष्मा पुसावा लागतो. हवा दमट आहे. व्हिडिओतला मुलगा म्हणतो, भीती वाटली म्हणजे दिशा बरोबर आहे. त्या हिशेबाने माझी दिशा फारच बरोबर आहे.

२१ जुलै, सोमवार
गाडी चुकली. गाडी प्लॅटफॉर्मवर होती, मीही होतो. डब्यात पाय ठेवणार तेवढ्यात मनात आलं, कुठेही पाठवलं तर जाल का, असं विचारलं तर काय सांगायचं? उत्तर पक्कं करावं म्हणून बाकावर टेकलो. एरवी लेट असणारी गाडी आज वेळेवर सुटली. रेल्वेचा काही भरवसा नाही.
इस्त्रीच्या शर्टात दिवसभर फ्रीगंजच्या बाजारात हिंडलो. दुपारनंतर महाकालाच्या श्रावणी सवारीची गर्दी, ऑटो मिळेना. संध्याकाळी घरी. विजयाने विचारलं, कसा झाला? ठीक झाला, म्हटलं. दिवसाबद्दल बोलत होतो.

२४ जुलै
विजयाच्या संस्थेची खंडव्याला शाळा आहे. तिथे प्रिन्सिपल म्हणून बोलावलंय. हो म्हटलं, म्हणाली. याआधीही विचारलं होतं म्हणे, तेव्हा माझ्याकडे बघून ती नाही म्हणाली होती. मला कधी सांगितलं नाही. मीही बहुतेक विचारलं नसेल.
मग म्हणाली, तुम्हीही आता बाहेर पडणारच आहात, तर खंडवाच मागून घ्या ना.
मी मान हलवली. ती कशीही समजता आली असती.

२७ जुलै, रविवार
आज सांगायचं ठरवलं. पहिलं वाक्य तयार केलं. ती भांडी कागदात गुंडाळत होती. मी म्हटलं, बँकेच्या पोस्टिंगचं काही खरं नसतं.
ती म्हणाली, विक्रांतचा फोन आला होता त्या दिवशी. भोपाळहून. अंकल कहाँ हैं, इधर उनका नाम पुकार रहे हैं, असं विचारत होता.
मग बोलली का नाहीस?
तुम्ही सांगाल म्हणून थांबले.
आणि खंडवा मागून घ्या म्हणालीस ते?
सांगायला वाट करून दिली होती. संस्थेला मी त्या फोननंतरच हो कळवलं.
आणि पातेलं गुंडाळायला घेतलं. रागावली असती तर मला काही बोलता आलं असतं.
शांतपणे विचार केला. फोन आला तो मी गेलो नाही म्हणून, आणि फोन आला म्हणून ती हो म्हणाली. म्हणजे ती बाहेर पडते आहे ती माझ्यामुळेच. हे तिला आज बोललो नाही.

३ ऑगस्ट, रविवार
सकाळी शाळेची जीप आली. सामान मीच खाली नेलं, दोन ट्रंका सोडून. त्या ड्रायव्हरने नेल्या. कंबर. विजया पुढच्या सीटवर बसली. औषधं फ्रिजवर ठेवलीयेत, एवढंच म्हणाली.
खालचे भय्यासाहेब दारात उभे होते. बदली तुमची होणार होती ना, म्हणाले. मी म्हटलं, घरात एक झाली, पुष्कळ झालं.

५ ऑगस्ट
विक्रांत ऑफिसर झाला. पोस्टिंग झाबुआ. ब्रँचमध्ये कचोऱ्या वाटल्या, मी दोन घेतल्या. फॉर्म पुढच्या वर्षीही निघतो.
संध्याकाळी विजयाचा फोन. शाळेत मुलं बरीच आहेत, गणिताला शिक्षक नाही, म्हणून नववीचा तास तीच घेते. पाणी सकाळीच येतं. आवाज दमलेला होता, पण भरभर बोलत होती. इतकी बोलते हे लक्षात नव्हतं. रविवारी येता का, असं ती विचारणार, म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. या रविवारी जमणार नाही, बँकेत काम आहे.
तिने विचारलं नाही.