समुद्र नसलेल्या दाख्लाला

प्रिय ग्लाना,

तू पाठवलेला निळा मेलहफा पोचला. तुझ्या मुलानं तो सरहद्दीच्या नाक्यापलीकडे नुआदिबूला देइदाच्या हाती दिला आणि आपल्या या मामेभावानं तो पिठाच्या पोत्यात असा दडवून आणला, जणू बंदूकच. मी म्हटलं, "अरे, बायकांनी अंगाभोवती गुंडाळायचं कापड हे, त्याला कोण अडवतंय?" तर म्हणतो, "छावणीतून आलेली सुईसुद्धा नाक्यावरच्या शिपायांना तोफ वाटते, बाई." रंग फार सुंदर आहे. त्या वाळवंटात, धान्याच्या गाडीची वाट बघत जगताना तुला असा रंग कुठून सुचला, देव जाणे.

गाव कसं आहे, असं तू नेहमी विचारतेस. तुमच्या निर्वासितांच्या छावणीलाही लोकांनी दाख्लाच नाव दिलं. आमच्याकडे समुद्र आहे आणि तुमच्याकडे फक्त नाव. पण तू पाहिलेलं दाख्ला आता इथंही सापडायचं नाही. खाडी तेवढी तीच. तिच्यावर युरोपातली माणसं पतंगाला लटकून पाण्यावरून धावतात. आई त्यांना बघून म्हणायची, "ह्यांच्या घरी कामं नाहीत का गं?" गावाबाहेर प्लास्टिकच्या छपराखाली टोमॅटो पिकतात, आपल्याच जमिनीखालचं पाणी पिऊन, आणि खोक्यांवर नाव छापतात दुसऱ्याच देशाचं. मी अजून मासळीच्या कारखान्यात ऑक्टोपस साफ करते. होड्या आणि परवाने उत्तरेकडच्या वजनदार लोकांचे, आमच्या वाट्याला चाकू आणि बर्फ. आम्ही आपल्या बोलीत बोललो की मुकादमाचे कान टवकारतात. "काय कट शिजतोय?" परवा माझ्या शेजारी काम करणारी सालका म्हणाली, "ऑक्टोपस शिजतोय, साहेब. चव बघता?" दिवसभर हसलो आम्ही. संध्याकाळी तिला कामावरून काढलं.

कोपऱ्यावर पोलिसांची गाडी अजून असतेच. शेजारी गिझलान राहते, उत्तरेकडची. स्वस्त पीठ आणि फुकट घर मिळतं म्हणून सरकारनं आणून वसवलेल्यांपैकी. कितीतरी वर्षं मी तिला सलामसुद्धा केला नाही. आता मी कामावर गेले की तीच आईला सूप भरवते, तिचे केस विंचरते. अशा माणसाचं काय करायचं, तूच सांग.

तुला मी पाहिल्याचं मला आठवत नाही, हे लिहितानाही खरं वाटत नाही. त्या हिवाळ्यात मावशी तुला उंटांबरोबर चराईला आत वाळवंटात घेऊन गेली, तेव्हा मी आईच्या कडेवर होते. पाऊस चांगला झालाय, पोरगी चार दिवस ताजं दूध पिईल, असं म्हणून आईनं तुला पाठवलं. मग उत्तरेकडून फौजा आल्या, बॉम्ब टाकणारी विमानं आली, आणि मावशी तुला घेऊन पूर्वेकडे पळत सुटली ती सरहद्दीपलीकडे जाऊन थांबली. अब्बा तुला आणायला निघाले की शिपाई वाटेतून परत पाठवायचे. पुढे फौजेनं मुलखाच्या मधोमध वाळूची भिंतच उभी केली, तिच्या पायथ्याला सुरुंग पेरले, आणि अब्बा अंगणात पूर्वेकडे तोंड करून बसायला लागले. गेले तेही तसेच बसल्या बसल्या. कितीतरी वर्षांनी इकडच्या आणि छावणीतल्या नातलगांची भेट घडवणारी विमानं सुरू झाली, तेव्हा आई बोचकं बांधून तयार होती. आपली पाळी यायच्या आधी विमानंच बंद पडली. नुआदिबूला भेटायचं ठरवलं, तर पुन्हा गोळीबार सुरू झाला आणि नाका बंद. नाका उघडला, तर आईचं खुब्याचं हाड मोडलं.

तुला फोनवर मी सांगत राहिले की आई जरा विसरते. जरा नाही गं. गेल्या वर्षभरात ती सगळंच विसरली. अब्बा गेले हे, घर बदललं हे, समोर उभी असलेली मी कोण हेही. एक तेवढं तिच्या लक्षात होतं, तू चराईला गेलीस आणि अजून आली नाहीस. दुपारी उन्हात दार उघडून बसायची. आत ओढलं तर मला मारायची. "माझी पोरगी येईल, दार लावू नको!"

तुझा मेलहफा आला त्या दिवशी मी तो नेसून तिच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, बघ, ग्लानानं पाठवलाय. तिनं मान वर केली. माझ्याकडे बघितलं, कापड नाकाशी धरून हुंगलं आणि म्हणाली, "आलीस? केवढी वाळलीस गं. उंट कुठं बांधलेस?"

मग म्हणाली, "आणि मावशी?" मावशीला तुम्ही छावणीच्या वाळूत पुरलंत, ते मला माहीत. मी म्हटलं, "येतेय मागून."

त्या दिवशी तिनं स्वतःच्या हातानं दार लावलं. चहा मागितला, जेवली, आणि माझा हात धरून झोपली. तेव्हापासून मी रोज कामावरून येते आणि तो मेलहफा नेसते. ती माझ्याजवळ माझीच गाऱ्हाणी करते. एकदा हळूच म्हणाली, "ती धाकटी तस्लेम आहे ना, जरा तिरसट आहे, पण रागावू नको तिच्यावर. तुझ्यामागे तिनंच माझं केलं. मीच तिच्याशी धड वागले नाही. तिच्या तोंडाकडे बघितलं की तू आठवायचीस, आणि राग तिच्यावर निघायचा. तिला सांगू नको हं."

मी म्हटलं, "नाही सांगत."

मग परवा शुक्रवारी तुझा फोन आला. मी समोरच्या कोपऱ्यात पीठ मळत होते, गिझलाननं फोनचा आवाज मोठा करून तो आईच्या कानाला लावला. तू म्हणालीस, "आई, मी ग्लाना." आईनं माझ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं. मी धावत येऊन फोन बंद केला, पण तेवढ्यात तिला कळायचं ते कळलं होतं. एवढंच म्हणाली, "म्हणजे तू आली नाहीस." मग तोंडात पाण्याचा थेंब घेईना. पुन्हा दारात जाऊन बसली. मेलहफा नेसून, बाहेरून चालत येऊन, नव्यानं हाक मारली, तेव्हा कुठे परत ओळखलं मला. तुला.

म्हणून तुझे फोन उचलत नाही, ग्लाना. आणि जे फोनवर बोलता येत नाही ते इथं मागते. आई आहे तोवर फोन करू नकोस. तुझं नाव मला वापरू दे. काय मागतेय ते मला कळतं, तरी मागते. अजून एक. ती रोज म्हणते, गाढवावरून पाणी आणताना म्हणायचीस ते गाणं म्हण. मी सांगते, घसा बसलाय. किती दिवस बसेल घसा? ते गाणं तुझ्या मुलाला शिकव, तो नुआदिबूला येऊन देइदाला शिकवेल. दोघंही बेसूर असतील, पण पोचेल तेवढं मी जुळवून घेईन.

तुझीच,
तस्लेम