टेकडीवरची बस आणि माझं यशस्वी वर्ष

१ ऑगस्ट
आजपासून नवं आयुष्य. पाणीपुरवठा खात्यातून वर्षभराची अभ्यासरजा मंजूर झाली आणि पब्लिक पॉलिसी स्कूलमध्ये पहिला दिवस पार पडला. माझं वय एक्केचाळीस. वर्गातली बाकीची पोरं पंचविशीच्या आसपास. म्हणजे अनुभवात मी पहिल्या दिवसापासूनच पहिला. डीन म्हणाले, इथून निघणारा माणूस समाजावर ठसा उमटवतो. ठसा उमटवायचं ठरवलं आहे.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून वाचन.

२ ऑगस्ट, सकाळी ९.४०
पाचला उठलो होतो. गजर बंद करायला.

५ ऑगस्ट
घरची व्यवस्था लिहून ठेवतो. बायको हॉस्पिटलच्या औषधविभागात, पहिली शिफ्ट, त्यामुळे ती सकाळीच बाहेर पडते. लेक चौथीत. तिला उठवणं, वेणी घालणं, शाळेत पोचवणं हे सगळं सासरे करतात. ते टेकडीवरच्या कॉलनीत एकटे राहतात आणि त्यासाठी रोज बसने खाली येतात. जन्मभर शिंपीकाम केलं, आता एक गुडघा कुरकुरतो. रजा लागल्यावर मी म्हणालो होतो की आता लेकीला मीच सोडीन. बायको म्हणाली, बघू. सासरे म्हणाले, जावईबापू, तुम्ही शिका, मी आहे ना. वडीलधाऱ्यांचा शब्द मोडू नये. मोडला नाही.

११ सप्टेंबर
फील्ड प्रोजेक्टसाठी जोड्या पडल्या. मला मिळालेली पार्टनर तेवीस वर्षांची आहे आणि प्रत्येक गोष्ट टक्क्यांत बोलते. कॅन्टीनचा चहा कसा आहे विचारलं तर म्हणाली, साठ टक्के. मी तिचं नाव टक्केवारी ठेवलं आहे. विषय: शहरातल्या बसमार्गांची फेररचना. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, कागदावर नका बसू, बसमध्ये बसा. छान कोटी. मी मोठ्याने हसलो. एकटाच.

२३ सप्टेंबर
कामाची वाटणी झाली. आकडेमोड टक्केवारी करणार. प्रवासी मोजायचे आणि शिफारशी लिहायच्या त्या मी. मार्ग आहे चौदा नंबरचा, पंपहाउस चौकातून टेकडीवर जाणारा. एक आठवडा पहिल्या बसपासून मोजणी करायची आहे. पहाटे उठण्याची सवय आयतीच लागेल.

२९ सप्टेंबर, दुपारी
मोजणी सुरू. आज पहिली बस थोडक्यात हुकली. मी उठलो तेव्हा ती परत आली असावी. अकराच्या बसने वर गेलो. आत मी, ड्रायव्हर, कंडक्टर आणि एक झोपलेला गृहस्थ. केवढी नासाडी! डोक्यात शिफारस तयार.

४ ऑक्टोबर
मोजणी संपली. आठवडाभर अकराच्याच बसने गेलो. त्याने सातत्य राहतं. वरचा टप्पा जवळजवळ रिकामा. टक्केवारीने विचारलं, सकाळचे आकडे? मी म्हणालो, सकाळीही साधारण असंच चित्र. ती म्हणाली, शंभर टक्के? मी म्हणालो, शंभर टक्के.
तसं बघितलं तर सकाळ ही दिवसातली अपवादात्मकच वेळ. तिच्यावरून धोरण ठरवता येत नाही. तरी गजर पाचचा लावला. उद्या एकदा पहाटे जाऊन खात्री करून घेईन.

५ ऑक्टोबर
रविवार. रविवारची सकाळ प्रातिनिधिक नसते.

१७ नोव्हेंबर
शिफारशी लिहून झाल्या. मुख्य शिफारस: चौदा नंबर पंपहाउस चौकापर्यंतच ठेवावी. ‘पुढील अंतर रहिवाशांना पायी सुसह्य आहे.’ सुसह्य हा शब्द सुचायला अर्धा तास गेला. सासऱ्यांकडे जाताना त्या रस्त्यावरून मी स्कूटरने कितीदा गेलो आहे. काहीच नाही तो चढ. स्कूटरला जरासा जाणवतो.

९ डिसेंबर
प्रेझेंटेशन. विजय! परिवहन खात्याचे एक साहेब पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी रिपोर्ट मागून घेतला. डीनने माझा हात दोन्ही हातांत धरला. टक्केवारी म्हणाली, आपलं काम नव्वद टक्के चांगलं झालं. दहा टक्के कुठे गेले, हे मी विचारलं नाही.

१२ जानेवारी
ठसा उमटला! आजपासून चौदा नंबर पंपहाउस चौकातूनच परत फिरते. स्कूलच्या नोटीस बोर्डावर माझा फोटो. ‘विद्यार्थ्याच्या अभ्यासातून थेट धोरणबदल.’ फोटोत पोट किंचित आलं आहे, पण चेहऱ्यावर विचार दिसतो. बायकोला फोन केला. ती घाईत होती, फोटोचं ऐकून अभिनंदन म्हणाली आणि सांगितलं की बाबा आज उशिरा पोचले, लेकीचा पहिला तास बुडाला. मी म्हणालो, का गं? ती म्हणाली, त्यांची बस वरून बंद झाली म्हणे.

१२ जानेवारी, संध्याकाळी
सासरे बसने येतात एवढंच मला ठाऊक होतं. कुठल्या बसने येतात हे जावयाला कसं ठाऊक असणार? टेकडीच्या मागून आणखी एखादी बस असेल असं मी गृहीत धरलं होतं. नकाशा काढून बघितला. टेकडीच्या मागे खाण आहे.

१३ जानेवारी
आज लवकर उठलो. झोप लागली नव्हती, त्यामुळे उठणं सोपं गेलं. सासरे वेळेवर आले. म्हणजे घरून किती लवकर निघाले असतील, याचा हिशेब मी मुद्दाम केला नाही. बुटांवर धूळ. मी विचारलं, फार चालावं लागतं का हो? म्हणाले, उतार आहे जावईबापू, काय त्यात. मग मीच म्हणालो, परत जाताना? ते म्हणाले, जाताना चढ असतो.
एवढंच. तक्रारीचा सूर नाही. असता तर बरं झालं असतं. दोन शब्द मलाही बोलता आले असते.

२० जानेवारी
स्कूटरवरून सोडतो म्हणालो. त्यांचा गुडघा मुडपत नाही, मागे बसता येत नाही. प्रस्ताव दिला, तो नाकारला गेला. माझ्याकडून प्रयत्न झालेला आहे.

३ फेब्रुवारी
बायको जेवताना म्हणाली, कुणा दीडशहाण्याने ती बस बंद केली कुणास ठाऊक, समोर आला तर चार शब्द सुनावीन. मी पाणी प्यायलो. लेक म्हणाली, बाबांनी बसवर प्रोजेक्ट केला होता ना? मी म्हणालो, तो सर्वसाधारण बसवर. खाई त्याला खवखवे म्हणतात ते उगाच नाही.
संकल्प: उद्या घरात सगळं सांगून टाकायचं.

४ फेब्रुवारी
बायकोला सर्दी. आजारी माणसाला मानसिक ताण देऊ नये.

१९ फेब्रुवारी
बायकोची सर्दी कधीच गेली. आज जिवाचा धडा करून मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. सकाळची मोजणी झालीच नव्हती, हे सांगणार होतो. तोंड उघडायच्या आत त्यांनी सांगितलं की ‘वर्षातील उत्कृष्ट अभ्यास’ या पुरस्कारासाठी आमचं नाव पाठवलं आहे. मी थँक यू म्हणून बाहेर आलो. टक्केवारीचं भवितव्यही यात गुंतलं आहे. माझ्या एकट्याच्या सदसद्विवेकबुद्धीसाठी त्या पोरीचं नुकसान करणं बरं दिसत नाही.

१४ मार्च
पुरस्कार मिळाला. काचेचं स्मृतिचिन्ह, बरंच जड. बायकोने शोकेसमध्ये मधोमध ठेवलं. ‘बस’ हा शब्द कोरलेला भाग भिंतीकडे यावा म्हणून मी ते थोडं फिरवलं. सासऱ्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, आमच्या घराण्यात असं काही कुणाला मिळालं नव्हतं. त्यांनी माझ्यासाठी एक सदरा शिवला आहे. कितीतरी वर्षांनी मशीनवर बसले म्हणे. अंगात अगदी बेतून शिवल्यासारखा बसतो. मला तो फार वेळ घालता येत नाही.

८ एप्रिल
वाईट झालं. सकाळी सासरे टेकडीच्या वळणावर दगडावरून पाय घसरून पडले. घोटा सुजला आहे, हाड शाबूत. डॉक्टर म्हणाले, महिनाभर चढउतार बंद. बायको त्यांच्याजवळ बसली होती, मी दारात उभा. ते मला म्हणाले, तुमच्या अभ्यासाचा खोळंबा होणार आता. आपला पाय सुजलेला आणि काळजी माझ्या अभ्यासाची! मी बाहेर जाऊन स्कूटरचा आरसा पुसत बसलो. बराच वेळ पुसला. त्यात बघावं लागू नये म्हणून आणखी पुसला.

९ एप्रिल
लेकीला मी सोडलं. वेणी जमली नाही. ती म्हणाली, आजोबांना विचारून या.

२४ एप्रिल
रोज सकाळी उठतो आहे. यात माझं कर्तृत्व नाही, लेक पांघरूण ओढते. शाळेच्या वाटेवर ती सांगत होती की आजोबांच्या जुन्या बसमध्ये हॉस्पिटलच्या मावश्या, बेकरीतले काका, कॉलेजच्या ताया सगळे असायचे आणि तिला डबा न्यायला आजोबा त्यांच्याकडून नवीन नवीन कल्पना विचारून यायचे. मी म्हणालो, खूप गर्दी असायची का? ती म्हणाली, आजोबांना कधीकधी उभं राहावं लागायचं.

११ मे
आता नाही राहवत. परिवहन खात्यात जाऊन त्या साहेबांना सांगणार: आमच्या अभ्यासात त्रुटी आहे, बस पुन्हा वरपर्यंत सुरू करा. होऊ दे माझी बदनामी. पुरस्कार परत करीन. वर्तमानपत्रात येईल. बायको चार शब्द सुनावील. सगळं सोसायची तयारी आहे. खरं सांगायचं तर हे लिहिताना जरा उदात्त वाटलं.

१८ मे
गेलो. तासभर बाकावर बसलो. आत गेल्यावर साहेबांनी मला ओळखलं नाही. मी उभ्याउभ्याच सगळं ओकून टाकलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, अहो, तो निर्णय तुमच्या कितीतरी आधीचा. दोन बसगाड्या मोडीत निघाल्या, ड्रायव्हर निवृत्त झाले, वरचा टप्पा बंद करायचा हे गेल्या उन्हाळ्यातच ठरलं होतं. मी म्हणालो, मग आमचा रिपोर्ट? ते म्हणाले, फाइलला लावला. जाड होता, फाइल भरल्यासारखी दिसली. मी विचारलं, वाचला का? त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.
बस पुन्हा सुरू होईल का, हेही विचारलं. म्हणाले, गाडी कुठे आहे?

१८ मे, दुपारी
सुंठीवाचून खोकला गेला! मी निर्दोष आहे! सासरे माझ्यामुळे पडले नाहीत. चार महिने फुकट झुरलो.
फक्त एक बारीकशी टोचणी आहे. मग माझा ठसा कुठे गेला?

२२ मे
स्कूलचा वार्षिक अहवाल छापून आला. ‘वर्षभरातील यश’ या सदरात सगळ्यांत वर आमचा अभ्यास. टक्केवारीला खरी गोष्ट सांगितली, सकाळच्या आकड्यांसकट. तिने हातातला अहवाल मिटला. मग म्हणाली, मी तुम्हाला शंभर टक्के विचारलं होतं. अहवाल बॅगेत ठेवून ती निघून गेली. मॅडमना दोघांनी मिळून सांगू, असं मी तिच्या पाठीला म्हणालो. ती मॅडमकडे एकटीच गेली, हे नंतर कळलं.

२४ मे, रविवार
पडल्यानंतर सासरे आज पहिल्यांदाच खाली जेवायला आले. शेजाऱ्याने त्याच्या गाडीतून आणून सोडलं. घरात सगळी होती. म्हटलं, आता भीती कसली? निर्दोष माणसाने मोकळेपणी बोलावं. सगळं सांगितलं. आमचा अभ्यास, ती शिफारस, आणि शेवटी मोठ्या आवाजात, की बाबा, तो निर्णय माझा नव्हताच!
सासरे हसले. म्हणाले, तुमच्या सांगण्यावरून बस बंद होईल असं मला कशाला वाटेल?
बायको हसली नाही. ती म्हणाली, पण सकाळी मोजायला गेला होतास का?
मी म्हणालो, मुद्दा तो नाही.
सासरे सहज बोलल्यासारखं म्हणाले, रोज पहिल्या बसला मीच असायचो. जावईबापू दिसले असते तर जागा धरली असती.


जेवण झाल्यावर ते जायला निघाले. शेजाऱ्याची गाडी येणार नव्हती. डॉक्टरांनी आता हळूहळू चालायला सांगितलं आहे म्हणाले. मी पायांत चपला सरकवल्या आणि म्हणालो, मी येतो. बायकोने माझ्याकडे बघितलं.
पंपहाउस चौकापर्यंत बसने गेलो. पुढे चढ. स्कूटरवरून हा रस्ता कधी एवढा लांब दिसला नव्हता. पहिल्या वळणावर मला धाप लागली. दुसऱ्या वळणावर मी कठड्यावर बसलो. काठी टेकत ते माझ्याजवळ उभे राहिले, घाई केली नाही. ते पडले तो दगड कुठला, असं मी विचारलं. म्हणाले, मागेच गेला तो.
माझ्या पाठीवर घाम आला होता. अंगात त्यांनीच शिवलेला सदरा. मी म्हणालो, बाबा, मी पहाटे उठलो नाही हो. तेवढंच.
ते म्हणाले, चला, थोडंच राहिलंय.
थोडं नव्हतं. बरंच राहिलं होतं.