बाहेरच्या बाकावर

ठाणे,
ऑक्टोबर १९८९

प्रिय सगुणाताई,

कागदाला बोंबलांचा वास आला तर नाक मुरडू नकोस. पोस्टाने पाठवलं असतं तर आधी तुझ्या सासूबाईंनी वाचलं असतं. म्हणून टिटवाळ्याला तुमच्या गल्लीत मासळी विकायला येतात त्या चंद्रभागाबाईंच्या टोपलीतून धाडतोय.

सध्या मी टेंभी नाक्याजवळ मारुतीशेठकडे मंडप आणि स्पीकरच्या कामाला आहे. ठाकुर्लीचं वेल्डिंग सुटलं, त्याआधी काय करत होतो ते मलाच नीट आठवत नाही. नवरात्रात कमानीवर बॅनर बांधायला शिडीवर चढलेलो, तर बॅनरवर कोण? कल्याणचा तोच डॉक्टर, हात जोडून, देणगीदार म्हणून. गेल्या वर्षी तुझ्या पोटातलं पाणी काढून मुलगी आहे असं ज्याने सांगितलं, तो. एक दोरी मी मुद्दाम ढिली ठेवली. नऊ दिवस वारा सुटला, पण मेला पडला नाही.

बघ, भरकटलो. सांगायचं होतं सभेचं. परवा शाळेच्या हॉलमध्ये गर्भाची तपासणी आणि गर्भपात, याच विषयावर सभा होती, माईक मी लावलेला. एक काका उठून म्हणाले, गर्भपात म्हणजे खूनच, सगळ्यांना आत टाका. एका बाईने विचारलं, बळजबरीने करायला लावतात त्यांनाही टाकणार का? तिसऱ्याचं वेगळंच, नवऱ्याला विचारायला नको? माझं डोकं सटकलं. गेल्या वर्षी गर्भ पाडायला नेताना तू नको नको म्हणत होतीस, तेव्हा तुझ्या घरात कुणाला पाप आठवलं नाही. विश्रामभावोजींनी रिक्षासुद्धा स्वतः बोलावली. आता तुला पुन्हा दिवस गेलेत आणि कुठल्याशा बुवाने मुलगा होणार सांगितलं, तर लगेच तेच पाप झालं. आणि भावोजी तुला सांगतात, कायदा बदललाय, पोलीस धरून नेतील.

सभा उठल्यावर वायरी गुंडाळता गुंडाळता सभेत बोलायला आलेल्या मालनताई वकिलांना मी गाठलं. तुझं नाव घेतलं नाही. त्या म्हणाल्या, गुन्हा ठरलंय ते मुलगा की मुलगी बघणं. बाईच्या जिवाला धोका असेल तर गर्भपात आजही कायद्यात बसतो, सरकारी दवाखान्यात होतो, फक्त उशीर करू नका. मी विचारलं, नवऱ्याची सही? त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "सज्ञान बाईची स्वतःची सही. बाकी कुणाची नाही." एवढंच होतं ताई, आणि आपल्याला कुणी सांगितलं नाही.

दसऱ्याला सोनं द्यायला आलेलो तेव्हा दोन्ही पोरी तुझ्या पदराला लोंबकळत होत्या आणि तू भिंतीला धरून उभी होतीस. डॉक्टरांनी रक्त नाही म्हणून सांगितलंय, हे तू सहज सांगावं तसं सांगितलंस. मग दारापर्यंत येऊन हळूच म्हणालीस, "मोरू, या खेपेला मी वाचायची नाही." तेव्हापासून एकही काम धड होत नाहीये माझ्या हातून.

म्हणून लिहितोय. भाऊबीजेला तुला आणि पोरींना न्यायला येतो. माहेरी नेतो म्हटल्यावर कुणी अडवणार नाही. आईच्या कानावर घातलंय. आधी रडली, मग म्हणाली, घेऊन ये. हो असेल तर चंद्रभागाबाईंकडून सुके बोंबील घे, मला कळेल. दुसऱ्या दिवशी आपण दवाखान्यात जाऊ. विचारतील ते तूच सांग, मी मधे बोलणार नाही. ऐन वेळी तुझं मन फिरलं तर तसेच उठून घरी येऊ, मी कारण विचारणार नाही. मी बाहेरच्या बाकावर बसेन. मला ओळखतेस, चहाला म्हणून उठतो आणि तिसऱ्याच गावाला पोचतो. त्या दिवशी चहालाही उठणार नाही.

तुझाच,
मोरू