मागच्या दारावरची अक्षरं

बुधवार, नऊ तारीख

दादा,

त्या सकाळी मी चादरी भिजत घातल्या होत्या आणि दूध तापायला ठेवलं होतं. हे मागच्या दाराने आत आले नि म्हणाले, "कढत पाणी दे थोडं. आणि जाड दोरा."

"बटण तुटलं का?"

"बटण नाही गं. गाडीचं खोटं बोलणं बंद करायचंय."

मी उशा शिवायचा दोरा दिला. हे चालवायचे ती संस्थेची गाडी अंगणात उभी होती. ह्यांनी फडकं कढत पाण्यात बुडवून मागच्या दारावरच्या त्या चमकत्या अक्षरांवर दाबून धरलं. मग अक्षरांच्या मागे दोरा घालून करवतीसारखा इकडून तिकडे ओढत बसले. मी म्हटलं, "छान दिसतात की. कशाला काढताय?" तर म्हणाले, "वरच्या वस्तीतली माणसं ही अक्षरं बघतात आणि म्हणतात, तुमची गाडी चारही चाकांनी ओढते, घाला ओढ्यातून. हिची ओढतात दोनच. रोज कुणाकुणाला समजावू?" 'फोर बाय फोर' ही अक्षरं निघाली. त्यांनी ती खिडकीत साबणाशेजारी ठेवली, चिकटलेला डिंक रॉकेलने पुसला, हात धुतले, दूध प्यायले. वर कुणी बाई बाळंतपणात अडली होती. सिस्टरला घेऊन ते निघाले. मी चादरी पिळल्या आणि दोरीवर टाकल्या.

नमस्कार लिहायचा राहिलाच. नमस्कार. वहिनीचा गुडघा कसा आहे? मी बरी आहे. नळ दुरुस्त झाला. वाचनालयातल्या नव्या बाई मला एकाऐवजी दोन पुस्तकं नेऊ देतात, म्हणतात, "तुम्ही परत तरी आणता." वाचायला मी तुझ्या जुन्या पुस्तकांवर शिकले, हे मी त्यांना सांगितलं. अभिमानानेच सांगितलं.

आता सोमवारचं.

संस्थेच्या फिरत्या दवाखान्याला नवी गाडी द्यायची, तिच्यावर ह्यांचं नाव घालायचं आणि गाडीची पसंती त्यांच्या बायकोने सही करून कळवायची, अशी देणगी देणाऱ्या आजींची अट आहे. म्हणून तू, संस्थेचा प्रमुख, स्वतः मला न्यायला आलास. दाराशी उभा राहून म्हणालास, "ताईसाहेब, आज तुमचा मान." मी हसले. हे गेल्यावर पाच वर्षांनी कुणीतरी ह्यांचं नाव चांगल्या कामासाठी घेत होतं. मी चांगलं पातळ नेसले होते.

शोरूममधला तो टाय घातलेला मुलगा अत्तरात बुडवून काढल्यासारखा होता. एकाच गाडीचे किती प्रकार दाखवले त्याने! देणगीत बसत होते दोन. एकात साध्या कापडी सीट, लोखंडी चाकं, हातावर मावेल एवढा पडदा. पण चारही चाकं ओढणारी. दुसऱ्याच्या छताला उघडणारी काच, चामड्याच्या सीट, सीटमधून बुडाला गार वारा, दारांत निळे-जांभळे दिवे, टीव्हीएवढा पडदा. आणि ओढणारी चाकं फक्त मागची दोन. किंमत सारखीच. तू सरळ दुसऱ्या गाडीत जाऊन बसलास, सीट मागे केलीस, डोळे मिटलेस आणि म्हणालास, "वा!"

आपल्याबरोबर आलेली सिस्टर काठी टेकत गाडीभोवती फिरून आली. तिच्या पायात अजून सळई आहे, तुला ठाऊक आहे. तिने विचारलं, "साहेब, ही चढेल का वर?"

"चढेल? सिस्टर, ही उडेल!" तू म्हणालास. टायवाला हसला.

"तसं नाही साहेब. पावसात, ओढ्याच्या चढावर."

"अहो, चालवणाऱ्याच्या हातात असतं सगळं."

हे वाक्य ओळखीचं वाटलं. ह्यांनी मागच्या गाडीबद्दल दोनदा तुझ्याकडे तक्रार केली, दोन्ही वेळा हेच वाक्य घेऊन घरी आले होते.

मी माहितीपत्रक वाचत होते. चित्रं सोडून खालची बारीक अक्षरं. जिथे चांदणी काढली असेल तिथलं आधी वाचायचं, हे लहानपणी मला तूच शिकवलंस. चांदणीखाली स्पष्ट छापलं होतं की काचेच्या छताबरोबर चार चाकांची ओढ मिळत नाही. मी तुझ्यासमोर बोट ठेवून दाखवलं. तू म्हणालास, "अगं, पाहुण्यांना फिरवावं लागतं. चार लोकांत संस्था दिसली पाहिजे." दादा, पाहुणे डांबरी रस्ता संपतो तिथे फोटो काढून परत फिरतात. पुढे जाते ती सिस्टर.

मग टायवाल्याने विचारलं, "सर, मागे फोर बाय फोरची अक्षरं बसवून देऊ? या मॉडेलला येत नाहीत, पण पुष्कळ जण बाहेरून लावून घेतात. रुबाब येतो."

"बसवा की," तू म्हणालास. "मागच्या वेळीही बसवली होती." चहात साखर कमी घाला म्हणावं इतक्या सहज. आणि मला विचारलंस, "रंग कोणता घेऊ या? पांढरा?"

मी त्यांच्या चकचकीत बाथरूममध्ये जाऊन ओकले. तुला वाटलं, साखर कमी झाली. तू मला सुवासिक कागदी रुमाल दिलास आणि त्या वासाने मला पुन्हा उमळून आलं. राग आला असता तर तिथेच चार शब्द बोलले असते. रागात माणूस आपलं वाटतं. मला तुझी किळस आली, दादा. तुझ्या हाताची, चामड्यावरून फिरणाऱ्या त्या बोटांची. हे लिहितानाही पेन ठेवून दोनदा उठले.

कारण त्याच हाताने तू चौकशीच्या कागदावर सही केलीस. त्यात लिहिलं होतं, त्या दिवशी चालकाने फोर बाय फोर लावलं नाही, म्हणून गाडी चढावरून मागे घसरून ओढ्यात गेली. चालकाचा निष्काळजीपणा. अरे, लावायला त्या गाडीत होतं काय? ती गाडी तू निवडली होतीस, असंच काचेचं छत बघून. सिस्टर हे सांगायला आली तर तिला म्हणालास, तुमच्या डोक्याला मार लागलाय, आराम करा. नंतर माझ्याकडे येऊन, माझा हात हातात घेऊन रडलास. मला वाटलं, ह्यांच्यासाठी रडतोयस. मीच तुला पाणी दिलं.

पाच वर्षं लोक मला सांगतात, माणूस भला होता हो, पण त्या दिवशी गाफील राहिला. मी ऐकून घेते. आई-बाबा गेल्यावर माहेर म्हणून तू एकटाच उरलास, म्हणून गप्प राहिले. ते माहेर आता मला नको. गाडीच्या अंगावर ह्यांचं नाव आणि पाठीवर तेच खोटं, आणि आत तीच सिस्टर. एवढं पाहून मी पुढे कोणत्या तोंडाने दिवा मालवून झोपू?

सोमवारी संध्याकाळी तुझा फोन आला. "सही कधी करतेस? उद्या माणूस पाठवतो."

मी म्हटलं, "पाठवू नकोस. मीच जाते आजींकडे."

"शाबास," तू म्हणालास.

ती अक्षरं इतकी वर्षं माझ्या सुईदोऱ्याच्या डब्यात आहेत. मागच्या बाजूला अजून थोडा डिंक आहे, बोटाला चिकटतो.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, मी सिस्टरला बरोबर घेऊन आजींकडे गेले, ती अक्षरं त्यांच्या टेबलावर ठेवली आणि ती कुठल्या गाडीवरून, कुणी आणि का काढली होती ते सांगितलं.

ह्यांची बायको,
आणि त्यानंतर तुझी बहीण