बाल्याचा बॅले

ती. रामजीमामा,
डिलाईल रोडवरून मयूरचा वाकून नमस्कार. तुमची कंबर, कौसल्यामामीचा खोकला आणि म्हैस, तिघं बरी ना? हे पत्र गणपतीपासून लिहितो लिहितो म्हणत राहिलंय. फोनवर आजोबांचं नाव काढलं की तुम्ही फोन ठेवता, म्हणून शेवटी कागद.

तुमचे वडील आता पेजसुद्धा घेत नाहीत. (कालची मीच संपवली, सोबत सुकट होती. मच्छीमार नगरात माझा मित्र आहे, त्याची गंमत नंतर.) चाळ पाडणार हे नक्की. आजोबांच्या नाचाच्या मंडळाची खोली महिनाअखेर रिकामी करायचीय. त्याआधी पटांगणात एकदा बाल्या नाचाचं रिंगण बघायचं, एवढंच आजोबा मागतात.

हल्लीची पोरं विचारतात, मंडळाच्या पाटीवर 'बॅले' कसं? मी सांगतो, आजोबांनी गिरणीतले कोकणी गडी जमवून बाल्या नाच उभा केला. सोलापूरचा एक तेलगू विणकर रिंगणात शिरला म्हणून 'राष्ट्रीय' लावलं. पेंटर पडला शिकलेला! त्याला 'बाल्या' चुकीचं वाटलं, त्याने सुधारून 'राष्ट्रीय बॅले मंडळ' रंगवलं. आजोबांना वाटलं, वजन आलं. तुम्ही म्हणालात, "बाल्या म्हणवायची लाज वाटते काय?" आणि मृदंग उचलून गावी गेलात. पाटी तेवढी राहिली.

परवा एक बाई मुलीला घेऊन आल्या. राष्ट्रीय बॅले ना, मग बूट कुठले घ्यायचे? आजोबा पडल्यापडल्या म्हणाले, "बूट भायेर काढ म्हनावं, पाय धुऊन ये." आम्ही हसलो. आजोबा भिंतीकडे वळले. म्हणाले, "रामजीचा मुर्दुंग नाय, म्हंजे ता बॅलेच."

उरलेले गडी गुडघ्यांना पट्टे बांधून तयार आहेत. (एकाला भायखळ्याच्या बाजारात निरोप द्यायला गेलो, तर कोथिंबीर स्वस्त दिसली आणि निरोप राहिला. उद्या जातो.)

तुमचा,
मयूर

ता. क. कंबर, म्हैस वगैरे रीत म्हणून विचारलं. मृदंग घेऊन या. मोबाइलवर ताल लावून बघितला, मध्येच जाहिरात लागली आणि म्हातारे एकमेकांवर आदळले.

आणखी ता. क. तुम्हाला यायचं नसेल तर निदान... थांबा, दारात कौसल्यामामी! एकटीच, खांद्याला तुमचा मृदंग. आईने तिला फोन केला होता म्हणे. मी विचारलं, "मामांना सांगून आलीस?" तर पदराने घाम पुसत म्हणते, "कशाला सांगू? मुर्दुंग हिकडं आलाय, वाजवनारा येल मागनं."