गावपळणीआधी आलेला पहिला अंक

दि. ३ डिसेंबर

चि. अपेक्षा हिस काकाचे अनेक आशीर्वाद.

दादाची साखर आटोक्यात आहे ना? वहिनींचा गुडघा काय म्हणतो? ओंकारचा खोकला गेला का? आणि चित्रं काढून काढून तुझे डोळे शाबूत आहेत की नाहीत? माझी कंबर आहे तशीच आहे, म्हणजे दुखते. तुझी यशोदाआत्या, आपली आक्का, मात्र जेवेनाशी झाली आहे, आणि त्याला कारण तुझं कॉमिक आहे, बाय.

मैत्रिणींबरोबर स्वतःच छापलेला तुझा पहिला अंक पोचला. वर तुझं नाव बघून छाती फुगली. आक्काला आता दिसत नाही, म्हणून मीच शहाणा तिला एकेक चित्र सांगत बसलो. गावपळणीला देवाच्या हुकमाने चार दिवसांसाठी अख्खा गाव गुरं-कोंबड्या घेऊन वेशीबाहेर झोपड्यांत राहायला जातो आणि इकडे जग बुडतं. परतायला गुरव कौल मागतो, देव देत नाही. माणसं माळावरच म्हातारी होतात. एक म्हातारी घराकडे बघत उभी, आणि खाली 'क्रमशः'.

आता आपली गावपळण पुढच्या आठवड्यात. आक्का म्हणते की मी गेलंय तर परत येवचंय नाय, माका माझ्या घरातच मरांदे. शेजारचा भाई म्हणाला की रिक्षा दारात लावतो, तर त्याला म्हणाली की आधी तुझ्या आवशीक बसव तेच्यात. मागे एक माणूस राहिलेलं चालत नाही, तुला ठाऊक आहे. गाव खवळेल ते वेगळंच, पण ओसाड गावात तिला एकटीला टाकून मी जाऊ कसा? मला झोप नाही. त्या म्हातारीचं पुढे काय होतं ते कळव. फोनवर आक्काला ऐकू येत नाही. तू लिही, मी तिच्या कानाशी वाचीन.

तुझ्यावर जीव असलेला,
परशुरामकाका

पुणे, दि. ६ डिसेंबर

ती. काकांना सा. न.

इथे सगळी बरी आहेत. तुमचं पत्र मात्र मी तीनदा वाचलं. दुसरा अंक अजून काढलेलाच नाही, काका. पुढे काय होतं ते आम्हालाच माहीत नाही. आत्याला खोटं गोड काही लिहावं म्हणून बसले, पण तिला खोटं लगेच कळतं.

जग बुडाल्यावरचं काही काढायचं म्हटलं तेव्हा मला आपला माळच दिसला. लहानपणी तिथे आत्याच्या कुशीत झोपले होते, भीतीने थरथरत. अंकात उतरली ती माझी भीती आहे, देवाचा कौल नाही, एवढं तिला सांगा. आणि हेही सांगा की म्हातारीचं पुढचं तिनेच सांगावं, मी तसंच काढीन. पण माझी म्हातारी झोपडीत आहे. घरात बसून सांगितलेलं मी घेणार नाही.

तुमच्या मायेची हक्कदार,
अपेक्षा

वेशीबाहेरचा माळ, दि. १४ डिसेंबर

चि. अपेक्षा हिस आशीर्वाद.

तुझं पत्र ऐकून आक्का म्हणाली की चेडवाक झोपडी तरी धड काढता येता काय, आणि काठी मागितली. आली. आल्या आल्या झोपडीचं तोंड खाडीच्या वाऱ्याकडे केलं म्हणून भाईला झापलं. पहिले दोन-तीन दिवस फुगड्या, भजनं, जेवणावळी, सगळं झालं.

आज सकाळी गुरवाने कौल मागितला. मिळाला नाही.

बायांनी बांधलेली बोचकी पुन्हा सोडली. तुझा अंक मी कौतुकाने भाईलाही दाखवला होता, तो माझ्याकडे बघेचना. त्यात गारठ्याने आक्काला धाप लागली आहे. मालवणला डॉक्टरकडे नेऊ म्हटलं तर ऐकत नाही. वेशीपासून आणखी लांब जाणार नाही म्हणते. भाई डॉक्टरांनाच इथे आणायला गेला आहे, हे पत्र त्याच्याकडे देता आलं नाही, दुसऱ्या कुणाबरोबर पाठवतो.

म्हातारीचं पुढचं तिने सांगितलं आहे. देव आज नाय म्हणालो, तर उद्या पुन्हा इचारूचा. एवढंच काढ म्हणते. सांगताना तिने माझा हात धरला होता.

बाय, मला फार भीती वाटते. उत्तर लगेच लिही. माळावर पोस्टमन येईल का असं मी म्हटलं, तर आक्का रागावली. पत्ता घरचाच घालायला सांगते.

काका