बेंदराच्या बैलाच्या मानंवरचं जू

कागल

सोमेश, अज्जीचा आशीर्वाद घे आन नीट बसून वाच. फोनवर तू नुसतं व्हय व्हय म्हणतोस, म्हणून लिवायला घेतलं.

हिकडं समदं बरं हाय. माझा गुडघा कुरकुरतोय, पर माझ्यापरास कमीच. गाय व्यालीया, कालवड झालीया. खरवस खाताना तुझ्या आईनं तुझं नाव काढलं.

तू धाडलेला बेंदराच्या बैलाच्या चित्राचा फोटू तुझ्या भनीनं मोठा करून दावला. शिंगं झकास रंगवलीस. ल्हानपणी मातीचे बैल रंगवताना तुझ्या हातावर काडी मारून शिकवलं, ते वाया गेलं न्हाय.

पर झूल घातलीस, गोंडे बांधलेस आन मानंवर जू ठेवलंस? बेंदूर म्हंजी बैलाचा सण, त्या दिवशी बैल कोण जुपतं रं? तू म्हणशील, बर्लिनच्या प्रदर्शनात कुणाला कळतंय. मला कळलं की. टांगू का म्हणून मलाच इचारलंस न्हवं? जू हाय तवर टांगू नगंस.

तू हे इसरलास कसा, त्याचा मी इचार केला. दिवसभर हाटेलात भांडी घासायची, रातीला चित्रं काढायची. परवा फोनवर डोळं सुजल्यालं दिसलं. जेवतोस का नुसता पाव चावतोस?

तवा आधी जू पूस. बेंदरादिवशी कामाला जाऊ नगंस. पुरणाची पोळी जमत नसंल तर गूळ-चपाती खा आन झोप. मालकानं कुरकुर केली तर म्हण, आमच्यात त्या दिवशी बैलालाबी सुट्टी असती.

तुझी अज्जी,
बसव्वा